आखूड गोळी

माझ्या दिरांनी चाप ओढला, निशाणाच्या पुठ्ठ्यावर पुन्हा लांबट भोक पडलं आणि ते जमलेल्या माणसांकडे वळून हसले. "बघितलंत? गोळी आडवी होऊन लागतेय. दादा गेला, तशी त्याच्या रायफलीची नळीही गेली. वहिनी, ती मला द्या. कोल्ह्यांपासून कलिंगडाचा मळा मी राखतो."

दिरांनी राखायला घेतलेला मळा पुढे कुणाचा होतो, ते मला ठाऊक होतं.

मी रायफल त्यांच्या हातून घेतली आणि चिंधी गुंडाळलेला गज नळीत घालून सगळ्यांदेखत सावकाश ढकलला. हे घरी काडतुसं भरायचे, तेव्हा गज माझ्याच हातात असायचा. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या आट्यांबरोबर गज फिरत गेला, पण टोकाला पोचेपर्यंत त्याचे दोन फेरेही झाले नाहीत.

"नळी ठणठणीत आहे," मी म्हणाले. "हिचा पीळ सैल आहे, एवढंच. आखूड गोळी त्यातून सरळ जाते. लांब गोळीला एवढी फिरकी पुरत नाही, ती वाटेतच कोलमडते. या लांब गोळ्या आणल्या कुणी, भावोजी?"

"जड गोळी बरी, म्हणून मीच..."

मी स्वतः भरलेलं आखूड गोळीचं काडतूस कनवटीतून काढलं, रायफलीत घातलं आणि चाप ओढला. पुठ्ठ्यावर वाटाण्याएवढं गोल भोक पडलं.

"एखादी लागतेच की!" भावोजी म्हणाले.

"मग दुसरीला पुठ्ठा तुम्ही धरा," मी म्हणाले आणि पुन्हा कनवटीला हात घातला.

भावोजी माझ्या मळ्याचा बांध ओलांडून आपल्या रानात जाऊन उभे राहिले.