कुपीतला फेस

आईच्या रक्तातले जंतू मेले होते, पण मरता मरता विष ओकून गेले होते. ते विष निकामी करणारं औषध खुद्द तिच्या लेकीने शोधलेलं, पण ते अजून चाचणीत होतं. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं, कुणालाच कळायचं नाही. नर्सने आणलेली कुपी धाकट्या भावाने हलवून पाहिली. "ताई, फेस आला! खऱ्या औषधालाच फेस येतो, तूच म्हणाली होतीस ना?" म्हणाली होती, गेल्या वर्षी. पण नर्सेस फेसावरूनच औषध ओळखायला लागल्या, तेव्हा तिने त्यांना फैलावर घेतलं आणि मिठाच्या पाण्यालाही अगदी तस्साच फेस आणला. त्या अकलेला टाळ्याही पडल्या होत्या. "खरं ना, ताई?" "हो," ती म्हणाली. भाऊ आईच्या कानाशी वाकला. "ऐकलंस का गं, आई? वाचलीस तू!"