लाल फुली

मझौलीतल्या विदेशी सुपरमार्केटच्या खरेदी केंद्रावर ग्रेडरने आमच्या मटारच्या क्रेटवर लाल खडूने फुली मारली. शेंग आठ सेंटीमीटरपेक्षा आखूड आहे, म्हणाला. आमच्याआधीचे वीस जण फुलीचे क्रेट घेऊन कडेला उभे होते. मी त्याची मापपट्टी मागितली. “माताजी, कंपनी का गेज है,” पट्टी हातात देत तो हसला. “चल ना, काहून वाद घालून राहिली?” आमचे हे कुजबुजले. मी पिशवीतून बारीक मापाचा व्हर्नियर काढला. तोफांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी गेजच तपासली. शेंगा घरून मोजूनच आणल्या होत्या, सव्वाआठ. पट्टीची आठची खाच साडेआठ भरली. ग्रेडरने स्वतः दोनदा मोजली, मग विचारलं, “अब क्या?” कारखान्यात चुकीचं गेज सापडलं की करायचं तेच केलं. त्याचाच खडू घेऊन पट्टीवर फुली मारली आणि कडेच्या वीस जणांना म्हटलं, “चलो, फुल्या पुसा.”