हिरवा झेंडा

"मॅम, मीटर गलत है," स्वरूपाने पुन्हा सांगितलं. आता तिला रडूच यायचं बाकी होतं.

प्रिन्सिपल विजयालक्ष्मी मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. दिल्लीच्या धुरकट हवेत द्वारकेतल्या समोरच्या सोसायटीचे टॉवर दिसत नव्हते. शाळेच्या काठीवर मात्र हिरवा झेंडा होता.

"बेटा, रूल किसका था?"

रूल तिचाच होता. पर्यावरण क्लबची लीडर झाल्या झाल्या तिने तो सगळ्या शाळेच्या गळी उतरवला होता. गच्चीवर हवेचा मीटर बसवायचा आणि तो सांगेल तसा रोज झेंडा लावायचा. लाल असला की मैदान बंद. मीटरपुढे कोणाचंही चालणार नाही, असं स्वरूपा बाईसाहेबांनी माइकवर ठणकावलं होतं. बाबांना ते इतकं पटलं, की त्यांनी घरीही तोच कायदा केला. आशयने हिरव्या झेंड्याच्या दिवशीच पळायचं.

आशय तिचा धाकटा भाऊ, सहावीतला. गेल्या दिवाळीनंतर त्याला दम्याचा झटका आला, तेव्हा त्याचे निळे पडलेले ओठ तिने बघितले होते. आज धावण्याच्या टीमची निवड होती, आणि कधी नव्हे तो आठवडाभर झेंडा हिरवा होता.

आशयला आज पळू देऊ नका, म्हणून सकाळीच तिने बाबांची विनवणी केली होती.

"अच्छा, म्हणजे तुझा मीटर आता तुलाच चालत नाही?" बाबा हसले होते.

आईचं लक्ष नव्हतं. ती आशयवर करवादत होती. "परत मास्क हरवलास?" वर्गात अदलाबदल नको म्हणून ती त्याच्या प्रत्येक मास्कच्या पट्टीला पिवळा दोरा शिवायची. तरी हा धांदरट हरवायचाच.

ऑफिसच्या दारात खेळाचे विक्रांत सर शिट्टी फिरवत उभे होते. "चलो, लीडर साहिबा, आज तो बच्चों को दौड़ने दो."

लाल झेंड्यावर सरांचा पहिल्यापासून राग होता. यांचंच काम, स्वरूपाच्या डोक्यात आलं. ती मैदानावर धावली.

आशय बुटांची नाडी बांधत होता.

"गच्चीची किल्ली दे." मैदान बंद असलं की तो खट्टू व्हायचा, म्हणून तिनेच त्याला गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम दिलं होतं.

"आत्ता? कशाला?"

"सरांनी मीटरला काहीतरी केलंय. तू पळू नकोस, आशू. हात जोडते."

"झेंडा हिरवा आहे, ताई." त्याने मान वर केली नाही. "रेस झाल्यावर बघ ना. प्लीज यार."

तिने त्याच्या दप्तरातून किल्ली ओढून काढली आणि जिन्याकडे पळाली. वर पोचेपर्यंत तिलाच धाप लागली. खोकत खोकत तिने गच्चीचं कुलूप उघडलं. खाली शिट्टी वाजली, पोरांनी एकच गलका केला.

तिने मीटरचं झाकण ओढलं. हवा आत घेणाऱ्या जाळीवर कोणीतरी मास्क ताणून बसवला होता.

त्याच्या पट्टीला पिवळा दोरा होता.