सातवी ओळ

"आज आली का वो सृष्टी?" द्राक्षाच्या घडावरची नजर न काढता तानाबाईनं विचारलं.

"अजून तरी नाही, आजी," शिवलीलाबाई म्हणाल्या. "आजही नाही आली, तर पंधरा दिवस भरतात."

"व्हय. पंधरा." म्हातारीनं दिवस मोजलेले होते.

कुंभारीजवळच्या त्या शाळेनं आपल्या आवारात द्राक्षबाग लावली होती आणि मेंढपाळांच्या वस्तीवरच्या बिनजमिनीच्या काही घरांना एकेक ओळ दिली होती. माल त्या घराचा. अट एकच, पोर शाळेत हवं. सलग पंधरा दिवस खाडा झाला, की ओळ प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या घराला. यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात असे, आणि नियम मोडला तर या गृहस्थांना अन्न गोड लागत नसे.

पहिलीच्या शिक्षिका शिवलीलाबाई दिवाळीनंतर अक्कलकोटहून बदलून आलेल्या. त्यांना या म्हातारीचं भारी कुतूहल. नातीला, सोनमला, पहिलीच्या वर्गात सोडायची आणि थेट सातव्या ओळीत शिरायची. कात्रीनं घडातले जादा मणी काढायची, फुटी तारेला बांधायची. अख्ख्या बागेत ती ओळ उठून दिसे. ओळ सृष्टीच्या नावावर होती. सृष्टी आणि सोनम, दोघींचं आडनाव एकच. एक नात इथं, दुसरी आईबापांबरोबर मेंढ्यांमागं. म्हातारी रोज तो एकच प्रश्न का विचारते, हे बाईंना न सांगता कळत होतं.

"किती जीव लावून करता, आजी."

"करावं लागतंय की. ह्या वळीवर पोरगी शिकायची हाय. न्हाय तर हायतच मेंढरं."

घंटा झाली. बाईंनी हजेरी घेतली. सोनमनं खणखणीत 'हजर' म्हटलं. सृष्टीच्या नावाला कुणी ओ दिली नाही. खिडकीशी तानाबाई श्वास रोखून उभी होती.

अकरा वर्षांच्या नोकरीत बाईंनी खोटी हजेरी कधी लावली नव्हती. आज लावली. मनाला फार बरं वाटलं.

मधल्या सुट्टीत त्या बागेत गेल्या. "आजी, काळजी सोडा. सृष्टीची हजेरी लावलीय मी. कुणाला बोलू नका. ही ओळ आता कुठं जात नाही."

तानाबाईची कात्री थांबली.

"काय झालं? नात ना ती तुमची?"

"न्हाय वो बाई. श्रीमंत म्हणून हाय आमच्या भावकीत, त्याची पोरगी ती. ती समदी मेंढरं घिऊन गेल्यात. आमच्यात मागं ऱ्हाईल त्यानं गेलेल्याचं बघायचं असतंय."

तिनं हातातला घड नीट पुरा केला आणि कात्री पदराला पुसली.

"यादीत पुढचं नाव आमच्या सोनमचं हुतं."