वगळलेले दिवस

“बघ! एकही वर्ष तोट्याचं नाही.”

नवरोबांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. पडद्यावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती. कुठे खाच नाही, कुठे खळगा नाही. शेजारी बँकेचे कागद आणि टोपण काढून ठेवलेलं पेन. चष्म्याचं दुकान तिच्या नावावर होतं. ते गहाण टाकायचं, आलेला पैसा शेअर बाजारात लावायचा आणि मग जन्मभर पाय पसरून बसायचं, असा नवरोबांचा बेत. तिची गरज फक्त सहीपुरती होती.

धंदा ऑप्शन विकण्याचा. म्हणजे बाजार कोसळेल या भीतीने लोक जो विमा घेतात, तो आपण विकायचा. हप्ता आपल्या खिशात. खरंच कोसळला तर भरपाईही आपल्याच खिशातून, पण हे वाक्य नवरोबा नेहमी घाईत म्हणत. नोकरी सोडल्यापासून ते एकेक युक्ती शेअर्सच्या जुन्या भावांवर चालवून बघत होते. तेव्हा असं केलं असतं तर काय मिळालं असतं? शुद्ध वरातीमागून घोडं! आधी कागदावर करून पाहिलं, मग संगणकावर, मग कुठल्याशा गुरूची फी भरून. दर वेळी तोटाच निघे, आणि दर वेळी नवरोबा बाजाराची अक्कल काढत. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि आता अचानक ही रेघ.

तिला रेघेचा संशय आला. वाहन परवान्यासाठी डोळे तपासायला येणारे काही महाभाग तक्ता पाठ करून येत. शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवत आणि जाताना दुकानाच्या काचेला धडकत. रेघेचा तोरा अगदी तसाच होता.

सकाळीच ताई दुकानात येऊन गेली होती. चष्म्याचा स्क्रू ढिला झाल्याचं निमित्त, खरं काम वेगळं.

“सही करू नकोस,” ताई म्हणाली. “तो कसा आहे ते मी तुला सांगायला हवं का?”

“ते चार-पाच दिवस सोडले तर माणूस वाईट नाही गं.”

ताईने तिच्या चष्म्याकडे रोखून पाहिलं. जाड काळी फ्रेम, भुवया झाकणारी. दुकानात इतक्या नाजूक फ्रेमा असताना तिने स्वतःसाठी तीच निवडली होती.

“माझी वरची खोली रिकामीच आहे,” एवढंच म्हणून ताई गेली.

आता तिने पडद्यावर बोट ठेवलं. “दोन वर्षांपूर्वी बाजार कोसळला होता, तो आठवडा कुठेय? रेघ तर इथेही चढतेच आहे.”

“तो काढला.” नवरोबांनी लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. “अगं, ते अपवादाचे दिवस. असले दिवस धरले तर जगातली कुठलीच पद्धत टिकणार नाही. ते चार-पाच दिवस सोडले तर पद्धत वाईट नाही.”

तिला हसू फुटणार होतं. परीक्षेत नापास झालेले विषय गुणपत्रिकेतून खोडायचे आणि पेढे मागायचे! या शहाण्यापायी दुकान घालवायचं?

पण हसू ओठांवरच अडलं. हे वाक्य ओळखीचं होतं. सकाळी ते तिच्याच तोंडून निघालं होतं.

दिवसही तेच होते. त्याच आठवड्यात बाजार पडला म्हणून नवरोबांनी मोबाइल तिच्या तोंडावर भिरकावला होता. भुवईला टाके पडले. गिऱ्हाइकांना तिने कपाटाचं दार लागल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी जाड फ्रेम घातली. त्याआधीचे असे दिवसही तिने असेच एकेक करून काढून टाकले होते. उरलेला संसार मात्र छान दिसत होता. नवऱ्याच्या मूर्खपणाची तिला सवय होती, पण स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती.

तिने पेन उचललं. नवरोबा खुशीत आले आणि कागद तिच्यापुढे सरकवू लागले. तिने पेनाला टोपण लावलं आणि ते कागदांवर ठेवून दिलं.

“अगं, झालं काय?”

तिने चष्मा काढला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि फोन लावला.

“ताई, ते दिवसही धरले,” ती म्हणाली. “वरची खोली अजून रिकामी आहे ना?”