सात सेकंद

टेबलावरची केशरी डबी पाहून त्याने खांद्यावरची पिशवी उतरवलीच नाही.

"ही कुठून आली?"

"दुकानातून," बाबा म्हणाले. एका तळहातावर गोळी होती, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "गुडघ्यांसाठी. तीन आठवडे झाले. तुझीच ना ती जाहिरात?"

जाहिरात त्याची नव्हती. जाहिरातीचं शेपूट तेवढं त्याचं. पळणारा म्हातारा, सूर्योदय, संगीत वगैरे आटोपलं की शेवटचे सात सेकंद तो बोलायचा. इशाऱ्याचा मजकूर वकील लिहायचा. वकिलाला तो ऐकू यायला हवा असे, कंपनीला तो कळायला नको असे, आणि दोघांचंही समाधान करणारा माणूस म्हणजे हा. बत्तीस शब्द, एक श्वास. स्टुडिओत त्याला 'शेपूट' अशीच हाक मारत.

"ती गोळी आधी खाली ठेवा."

"का? टीव्हीवर तूच तर सांगतोस."

"मी घेऊ नका म्हणून सांगतो, बाबा!"

"हो?" बाबांनी जरा विचार केला. "ऐकून तसं वाटत नाही. आवाज तुझा म्हणून मी आपली आणली. म्हटलं, पोरगा इतकं जीव तोडून सांगतोय..."

त्याचं लक्ष बाबांच्या पायांकडे गेलं. घोटे सुजून तुकतुकीत झाले होते.

"म्हण बरं, काय म्हणतोस ते."

त्याने म्हटलं. सात सेकंद. बाबा खूश झाले. "अगदी टीव्हीसारखं! आता कळेल असं म्हण."

तो पुन्हा सुरू झाला आणि चौथ्या शब्दाला अडला. सावकाश म्हणायला गेलं की पुढचं आठवेना. येरझाऱ्या घालत त्याने पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच. शेवटी डबी खिडकीपाशी नेली आणि तळाची बारीक अक्षरं एकेक करून वाचू लागला. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी. घेऊ नये. पायांवर सूज. धाप. आढळल्यास. ताबडतोब.

बाबांनी पेला टेबलावर ठेवला आणि गोळी त्याच्याशेजारी. त्यांचा हात शर्टाच्या वरच्या बटणापाशी गेला. टाक्यांचा व्रण तिथूनच खाली जात होता.

"चपला घाला. डॉक्टरकडे जायचंय. चला, चला लवकर."

"लवकर काय, लवकर! आधी पाय तर जाऊ दे आत."

चप्पल चढेना. तो खाली बसून पट्टा सैल करू लागला. बोटं घाई करत होती, बक्कल सुटत नव्हतं.

वरून बाबांचा आवाज आला. रागावलेला नव्हता, नुसता चौकशी करणारा.

"हे तू मला रोज सांगत होतास होय रे?"