'कपाट'ला माणूस हवा

समोर एकच बाई बसली होती, तरी यशपाल सरांनी माइक हातात घेतला. सात रस्त्याजवळचा हॉल त्यांनी दोन तासांसाठी मागून घेतला होता. खुर्च्या साठ मांडल्या होत्या. पाच वाजून गेले होते आणि आता आणखी कुणी येईल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं.

प्रश्न होता 'कपाट'चा. 'कपाट' म्हणजे लहान वाचनालयांसाठीचं फुकट सॉफ्टवेअर. कुठलं पुस्तक आहे, कुणी नेलंय, सगळी नोंद त्यात. त्याला मालक नाही. ठिकठिकाणची हौशी माणसं मिळून ते चालवतात, ज्याला जे जमेल ते त्यानं करायचं. ते वापरायचं कसं हे सांगणारी मराठी मार्गदर्शिका सरांनी सहा वर्षांपूर्वी इंग्रजीवरून लिहिली. तेव्हा त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. त्यानंतर 'कपाट' चार वेळा बदललं आणि मार्गदर्शिका होती तशीच राहिली. आता चालवणाऱ्यांचं पत्र आलं होतं, की महिनाअखेरपर्यंत सांभाळायला कुणी मिळालं नाही तर मराठी पानं काढून टाकू.

वर्षभर सर माणसं शोधत होते. कॉलेजातली मुलं आधी विचारायची, सर्टिफिकेट मिळेल का? मिळेल म्हटल्यावर बावीस जण आले, सर्टिफिकेट घेतलं आणि गेले. मागच्या सभेला प्रमुख पाहुणे बोलावले तर हॉल भरला, पण पाहुणे उठले तशी त्यांच्यासोबतची माणसंही उठली. व्हॉट्सॲपवर आवाहन टाकलं की पन्नास जण हात जोडायचे. आठवड्याचा एक तास, एवढंच तर मागणं होतं. लोकांना कशाचंच काही पडलेलं नाही, असं सर भेटेल त्याला सांगत सुटले होते. आजही माइकवरून त्यांनी त्या एकट्या बाईला तेच सुनावलं.

त्या बाई म्हणजे केराबाई. मंगळवेढ्याजवळच्या एका गावात घरची मेंढरं बघून वाचनालय चालवायच्या आणि दुपारच्या एसटीनं इथवर आल्या होत्या. सरांच्या मार्गदर्शिकेची झेरॉक्स त्यांच्या पिशवीत होती. त्यांनी दोन वर्षं खपून तीन हजार पुस्तकं 'कपाट'मध्ये भरली होती. उन्हाळ्यात कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्तीवाल्यानं नवं 'कपाट' घालून दिलं आणि तेव्हापासून यादी उघडत नव्हती. जुनी यादी परत उघडायच्या चौथ्या पायरीला मार्गदर्शिका जे बटण दाबायला सांगत होती, ते बटणच आता नव्हतं. कुणाकडे कुठलं पुस्तक आहे, काही कळायला मार्ग उरला नव्हता.

जुनी रजिस्टरं असतीलच की, सर म्हणाले. ती रद्दीत घातली, असं सांगून केराबाईंनी झेरॉक्सवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'आता जुनी रजिस्टरं सांभाळत बसण्याची गरज नाही.' हे वाक्य इंग्रजीत नव्हतं. अख्ख्या मार्गदर्शिकेत सरांनी आपल्या पदरचं घातलेलं तेवढंच एक वाक्य होतं.

केराबाई मात्र भांडायला आल्या नव्हत्या. माणूस पाहिजे आहे असं कळलं म्हणून आल्या होत्या.

"मी सांभाळते की, सर. मला टायपिंग येतं," त्या म्हणाल्या. "निस्तं एकदा माझ्यासमोर उघडून दावा. चौथ्याला आता काय करायचं ते बघून लिवते. माझं ऱ्हाऊ द्या, दुसऱ्या कुणाची तरी यादी जायाची न्हाय."

वर्षभरानं एक माणूस मिळालं होतं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी माइक बाजूला ठेवून लगेच लॅपटॉप काढला. त्यांनी तो उघडला आणि 'कपाट' शोधू लागले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग शोधण्यात अर्थ नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. हा त्यांचा तिसरा लॅपटॉप. आधीच्या दोन्हींवरही 'कपाट' कधी नव्हतं. इंग्रजी पानं समोर ठेवून त्यांनी तीन रविवारांत मार्गदर्शिका उरकली होती. 'कपाट'मध्ये स्वतः एका पुस्तकाची नोंद करून पाहावी, असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"यात नाहीये ते," सर कसंबसं म्हणाले. शरमेनं त्यांना मान वर करवेना.

केराबाईंनी आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग सरांकडे. एवढा जीव तोडून बोलणारा माणूस असा का बसलाय ते त्यांना कळलं, असं त्यांना वाटलं. त्यांचा चेहरा उतरला. खुर्ची जवळ ओढून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या,

"तुमची बी यादी गेली व्हय, सर? किती पुस्तकं हुती?"